श्रीस्थानक : आपल्या दाराशी असलेली राजधानी

शाळेच्या सहलीचा विचार निघाला म्हणजे दरवर्षी मुलांच्या तोंडून त्याच त्या नगरांची नावे बाहेर पडतात. कोणी विजापूर म्हणतो, कोणी दौलताबाद, आणि कोणी तर थेट दिल्ली-आग्र्यास जाऊन पोहोचतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलांस म्हणालो, "यंदा आपण एक जुनी राजधानी पाहू, भाडे मात्र लोकलच्या तिकिटापुरतेच पडेल." मुलांस ही थट्टा वाटली. आमची बहुतेक मुले ठाणे, कल्याण व डोंबिवली याच टापूतील. ज्या गावात आपण रोज भाजी घेतो, ज्या फलाटावर रोज गर्दीत चेंगरतो, ते गाव कधी काळी एका राज्याची राजधानी होते, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलाने उठून विचारले, "सर, ठाणे राजधानी होते, तर मग राजवाडा कोठे आहे?"

प्रश्न रास्त होता, व त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नव्हते. "चालत चालत शोधू," असे म्हणून आम्ही तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहावयास सांगितला, व पुढील तीन शनिवार त्या शोधात घालविले. त्या भटकंतीत जे पाहिले व जे समजले, ते विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. ज्यांस आमच्याबरोबर येता आले नाही, त्यांनी हा लेख हाती घेऊन आपल्या घरच्या मंडळींसह हीच वाट चालावी.

प्रथम, राजधानी येथेच का झाली, हे समजून घेतले पाहिजे. नकाशा पुढे घ्यावा. ठाणे हे साष्टी बेटाच्या पूर्व काठावर वसले आहे. पूर्वेस खाडी, व खाडीपलीकडे मुख्य भूमी. उत्तरेकडे पाहिले तर सह्याद्रीत उगम पावलेली उल्हास नदी कल्याणवरून वाहत येऊन घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीत जाते, व तिचा एक फाटा ठाण्याच्या खाडीशी जोडलेला आहे. म्हणजे समुद्राच्या वादळवाऱ्यापासून आत, आणि तरी समुद्रास दोन वाटांनी जोडलेले, असे हे ठिकाण. कल्याणपासून पुढे घाटमाथ्यावर चढणाऱ्या वाटा फुटतात. नाणेघाटाने वर गेले की जुन्नर येते. बोरघाटाने वर गेले की पुण्याचा मुलूख लागतो. देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरावा, कल्याण-ठाण्यास गलबतांत भरावा, आणि अरबस्तान-इराणकडे रवाना व्हावा, असा हा व्यवहार शतकानुशतके चालला. ज्याच्या हाती ठाणे, त्याच्या हाती जकात. आणि ज्याच्या हाती जकात, त्याच्या पदरी सैन्य. राजाने ही जागा निवडली असे म्हणण्यापेक्षा पाण्याने ही जागा राजास दाखविली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

हे राजे म्हणजे उत्तर कोंकणचे शिलाहार. नवव्या शतकाच्या आरंभी ते राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून पुढे आले, व तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे सुमारे साडेचारशे वर्षे, या किनाऱ्यावर त्यांची सत्ता राहिली. तुलनेसाठी एवढेच सांगतो की इंग्रजांनी ठाणे घेतले १७७४ साली व ते गेले १९४७ साली. ते अवघे १७३ वर्षांचे धनी. शिलाहार आपणांस 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर नगरीचे स्वामी, असे म्हणवीत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड असे. त्यांच्या ताम्रपटांत कोंकणच्या चौदाशे गावांचा उल्लेख येतो. 'पुरी' नावाच्या दुसऱ्या एका नगरीचे नावही त्यांत अग्रभागी असते. ती पुरी कोणती याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु 'स्थानक' किंवा 'श्रीस्थानक' म्हणजे ठाणे, याविषयी वाद नाही. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिणारा अल-बिरूनी हा विद्वान तर ठाणे ही कोंकणची राजधानी असे स्पष्टच सांगतो.

हे राजे केवळ जकात गोळा करणारे नव्हते. अकराव्या शतकात सोड्ढल नावाच्या कवीने त्यांच्या आश्रयास राहून 'उदयसुंदरीकथा' हा संस्कृत ग्रंथ रचिला. बाराव्या शतकातील राजा अपरादित्य याच्या नावाची याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका 'अपरार्क' म्हणून प्रसिद्ध आहे, व तिचा मान दूर काश्मीरच्या पंडितांपर्यंत होता. याच राजाने तेजःकंठ नावाच्या पंडितास काश्मीरच्या विद्वत्सभेस पाठविल्याचे तेथील मंख कवीने नमूद केले आहे. आगगाडी नाही, तार नाही, अशा काळी ठाण्याचा मनुष्य काश्मीरच्या सभेत जाऊन बसतो! आपल्या मुलांस दादरच्या व्याख्यानास जावयाचा कंटाळा येतो, तेव्हा त्यांस हे आठवून द्यावे.

आता पहिल्या शनिवारची वाट. आम्ही सकाळी खाडीवरून निघून प्रथम ठाण्याच्या तुरुंगापाशी आलो. आत जाण्याची परवानगी नसते. बाहेरूनच तट पाहावयाचा. हा तुरुंग म्हणजे मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी तो बांधावयास घेतला होता. काम पुरे होण्यापूर्वीच १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे जिंकले. पुढे १७७४ च्या डिसेंबरात तो इंग्रजांच्या हाती गेला. १९१० च्या एप्रिल महिन्याच्या १९ तारखेस अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे या तिघा तरुणांस याच ठिकाणी फाशी देण्यात आले. तेथे मुले आपोआप गप्प झाली. आम्हीही काही बोललो नाही.

या तटाच्या आत दोन गोष्टी घडल्या, ज्या आमच्या शोधास विशेष उपयोगी आहेत. पहिली १७८७ सालची. किल्ल्यात कसल्याशा नव्या कामासाठी खणती चालली असता मजुरांच्या कुदळीस ताम्रपट लागला. तो होता शिलाहार राजा अरिकेसरी याचा, शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ सालचा. भूमी दान दिल्याचा तो लेख. त्याचे भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच भागात छापून आले. आपल्या देशातील जुने लेख वाचण्याचे जे शास्त्र पुढे वाढले, त्याच्या अगदी आरंभीच्या धड्यांत ठाण्याचा हा धडा आहे. सुमारे पावणेआठशे वर्षे लोक त्या ताम्रपटावरून चालत होते. खाली काय आहे, हे कोणासच ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट १८१६ सालची. गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या आरोपावरून पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे यास इंग्रजांनी या किल्ल्यात ठेविले होते. फितुरी होऊ नये म्हणून पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा ठेविला. एका साहेबाचा मराठा मोतद्दार रोज खिडकीखाली घोडा फिरवी, व फिरविता फिरविता गाणे म्हणे. पहारेकरी ते गाणे ऐकत. त्यांस त्यात काही वावगे दिसेना. त्या गाण्यात पळून जाण्याचा सारा बेत सांगितलेला होता, आणि कैद्यास तो समजत होता. सप्टेंबरातील एका रात्री त्रिंबकजी निसटला. बिशप हीबर १८२५ साली ठाण्यास सेंट जेम्स उपासनामंदिराच्या प्रतिष्ठापनेसाठी आले होते. त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात ही हकीकत लिहून ठेविली आहे. मुलांस त्रिंबकजीचे पलायन आवडले. आम्हांस मात्र त्या पहारेकऱ्यांची गंमत वाटली. कान शाबूत, डोळे शाबूत, कामात कसूर नाही. आणि तरी सारे बोलणे त्यांच्या डोक्यावरून निघून गेले, कारण भाषा येत नव्हती. आम्ही मुलांस म्हणालो, "आपणही या गावात त्या पहारेकऱ्यांसारखेच फिरत आहोत. दगड बोलतात, तलाव बोलतो. आपल्याला भाषा येत नाही." हे वाक्य पुढील दोन शनिवार मुलांच्या तोंडी राहिले.

तेथून मासुंदा तलावाकडे. लोक यास तलावपाळी म्हणतात. संध्याकाळी येथे फिरावयास येणाऱ्यांची दाटी होते. ठाण्यास एके काळी साठ तलाव होते असे सांगतात. राजधानीतील माणसांना व जनावरांना गोडे पाणी पाहिजे. खाडीचे पाणी खारट, तेव्हा तलाव खणावे लागतात. तलाव हा राजाच्या कारभाराचा दाखला आहे, शोभेची वस्तू नव्हे, हे मुलांनी लिहून घेतले. तलावाच्या पूर्वेस कौपिनेश्वराचे देऊळ आहे. स्थान पुरातन, परंतु आजचे देऊळ मराठ्यांच्या अमदानीतील. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी ते १७६० च्या सुमारास बांधविले. आतील शिवलिंग एवढे भव्य आहे की त्यावरूनच जुन्या स्थानाच्या थोरवीची कल्पना यावी. तलावाजवळच सेंट जॉन द बॅप्टिस्ट यांच्या नावाचे चर्च आहे. त्याची परंपरा पोर्तुगीज काळात जाते. एकाच पाण्याच्या काठी शिलाहार, पोर्तुगीज व मराठे या तिघांच्या खुणा उभ्या आहेत.

चर्चपुढे उभे राहून आम्ही मुलांस परदेशी साक्षीदारांची गोष्ट सांगितली. इ.स. ६३६ च्या सुमारास अरबांचे एक आरमार ठाण्यावर चालून आले होते, असे अरब इतिहासकार लिहितात. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने ठाण्याच्या राज्याचे वर्णन केले आहे. येथून कातडी, सुती कापड व तपकिरी रंगाचा धूप बाहेर जाई, असे तो म्हणतो. आणि येथला राजा समुद्रावरील चाच्यांशी संगनमत करून, लुटीतील घोडे मात्र आपणांस द्यावे एवढ्या करारावर त्यांस मोकळीक देई, असाही ठपका ठेवितो. मुलांस राजाचे हे वर्तन आवडले नाही. आम्ही म्हणालो, राजधानीचा अभिमान बाळगावा, पण हिशेबातील खर्चाची बाजू फाडून टाकू नये.

पुढे १३२१ च्या एप्रिल महिन्यात, ठाणे दिल्लीच्या सुलतानांच्या अमलाखाली असता, तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व तिफ्लिसचे देमेत्रियस हे चार फ्रान्सिस्कन बंधू येथे मारले गेले. धर्माविषयी त्यांस प्रश्न विचारले गेले, त्यांनी आपले उत्तर बदलले नाही, आणि त्याबद्दल त्यांस प्राण द्यावे लागले. त्यांचे सोबती जॉर्डनस यांनी त्यांस मूठमाती दिली. पुढे ओडोरिक नावाचे प्रवासी येथे आले व त्यांच्या अस्थी घेऊन चीनपर्यंत गेले. आम्ही हे कोणत्याही समाजाविषयी कटुता उत्पन्न व्हावी म्हणून सांगत नाही. याच भूमीत त्यापूर्वी निराळीही उदाहरणे झाली आहेत. शिलाहार राजे शिवभक्त. तरी कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतील नवव्या शतकाच्या दानलेखांत पुल्लशक्ती व कपर्दी या शिलाहारांची नावे कोरलेली आहेत. सत्ता आली म्हणजे ती दुसऱ्याच्या श्रद्धेस कशी वागविते, यावरून तिची परीक्षा होते.

दिवसाचा शेवट आम्ही मराठी ग्रंथसंग्रहालयात केला. १८९३ साली स्थापन झालेली ही संस्था. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे हे तिच्या संस्थापकांपैकी एक. सिंहासन गेले, परंतु तेजःकंठ पंडिताचा वारसा या गावाने अगदीच टाकलेला नाही, हे तेथील कपाटे पाहून पटते.

दुसऱ्या शनिवारी आगगाडीने कल्याण. ही आगगाडीदेखील त्या जुन्या पाण्याच्या व घाटाच्या हिशेबातूनच निघाली. १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटरांवर हिंदुस्थानातील पहिली उतारूंची गाडी धावली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे व तीन इंजिने. दुसऱ्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, खाडीवरील पूल ओलांडून ती कल्याणास पोहोचली. मग बोरघाट व थळघाट. म्हणजे बैलांचे तांडे ज्या वाटेने उतरत, त्याच वाटेने रूळ चढले. इंजिनियरांनी शिलाहारांचा इतिहास वाचला नव्हता. पण डोंगर व पाणी यांनी दोघांसही एकच उत्तर दिले. पारसिकचा बोगदा ओलांडून गाडी डोंबिवलीवरून जाऊ लागली तेव्हा तेथे राहणारी मुले खिडकीशी सरसावली. आम्ही त्यांस सांगितले की या वस्तीचा सारा पसारा रुळांच्या आधाराने वाढला. पूर्वी गलबताने माल जाई, आता रोज सकाळी गाडीने माणसे जातात; ठाणे-कल्याणची वाट मोडली नाही, वाहन तेवढे बदलले.

कल्याण हे ठाण्याहूनही जुने नाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-ग्रंथात या बंदराचा उल्लेख आहे. पूर्वी येथे व्यापार मोकळा चाले, परंतु पुढे सत्ता बदलल्यावर चुकून येथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्याखाली भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या देणग्यांचे लेख आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस या ख्रिस्ती प्रवाशाने 'कल्लियाना' येथे ख्रिस्ती मंडळी असून तिच्यासाठी इराणातून नेमलेला बिशप असतो, असे लिहून ठेविले; ते कल्लियाना म्हणजे हेच कल्याण असे अनेक अभ्यासक मानितात. आमच्या वर्गातील काही मुलांस ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या गलबतांतूनच प्रथम या किनाऱ्यावर उतरला असे वाटत होते. तो समज येथे दुरुस्त झाला.

खाडीच्या काठी दुर्गाडीचा किल्ला आहे. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आपल्या ताब्यात घेतली, व याच खाडीत लढाऊ गलबते बांधावयास आरंभ केला. कामावर पोर्तुगीज कारागीर ठेविले होते. त्यांच्या सरकारास ते खपले नाही व ते कारागीर काम सोडून निघून गेले. महाराजांनी मात्र काम सोडले नाही. देशी सुतारांच्या हातून ते चालू ठेविले, आणि त्यातूनच मराठ्यांचे आरमार उभे राहिले. किल्ल्याचे आज फार थोडे शिल्लक आहे. दुर्गादेवीच्या देवळापासून खाडीचे वळण मात्र उत्तम दिसते. मुलांस आम्ही भिंत शोधावयास न सांगता ते वळण पाहावयास सांगितले. आरमार येथेच का, हे त्या पाण्याकडे पाहिल्यावर सांगावे लागत नाही.

दुपारी अंबरनाथ. स्टेशनाच्या पूर्वेस काही वेळ चालत गेले म्हणजे वालधुनीच्या काठी काळ्या पाषाणाचे शिवालय दृष्टीस पडते. शिलाहारांचे एवढे मोठे व एवढे सुंदर काम या टापूत दुसरे नाही. बाहेरील भिंतीवर तसूभर जागा मोकळी नाही. देवदेवता, नर्तकी, हत्ती, वेलबुट्टी. भिंत सरळ न जाता तिला कोनामागून कोन काढलेले आहेत, त्यामुळे ऊन सरकते तसतशा आकृती बदलत गेल्यासारख्या दिसतात. आत सभामंडप, व तेथून पायऱ्या उतरून खाली गाभारा. वर पाहावे तो आकाश, कारण शिखर पुरे झालेले नाही. १८६८ च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी येथे येऊन शिल्पांची चित्रे काढली व साचे घेतले. त्यांची परंपरा आमच्या मुलांनी आपापल्या वहीत चालविली. हत्ती पुष्कळांस साधले, नर्तकी कोणासच साधल्या नाहीत.

देवळातील एका तुळईवर लेख आहे. त्याचा शक ९८२, म्हणजे इ.स. १०६०, त्या वेळी मुम्मुणी हा राजा होता. पूर्वी काही विद्वानांनी हा आकडा ७८२ असा वाचला होता. एका आकड्याच्या वळणाने देऊळ दोनशे वर्षे मागे गेले, व पुढील अभ्यासकांनी ते परत आपल्या जागी आणून बसविले! गणिताच्या उत्तरपत्रिकेत आकडे नीट काढा असे आम्ही म्हणतो, त्याचे मर्म मुलांस त्या दिवशी कळले असावे. या लेखात मुम्मुणीचा वडील भाऊ छित्तराज याच्या 'भवना'चा उल्लेख आहे. भवन म्हणजे घर. हे ऐकताच आमचा प्रश्नकर्ता पुढे सरसावला. "म्हणजे हाच राजवाडा का, सर?" आम्ही सांगितले की हे भवन म्हणजे छित्तराजाने आरंभिलेले हे देवालयच, असा त्याचा अर्थ लावितात. राजा स्वतः जेथे निजे-जेवे, ते घर लाकडाचे, मातीचे किंवा विटांचे असेल, ते गेले. जे त्याने देवासाठी दगडात बांधिले, ते राहिले. मुलाने वहीत काहीतरी लिहिले. आम्ही पाहिले नाही.

तिसऱ्या शनिवारी मोटारीने भिवंडी तालुक्यातील लोनाड या खेड्यास गेलो. येथे मोडकळीस आलेले शिलाहारकालीन शिवालय आहे, व जवळच्या टेकडीत एक बौद्ध लेणे. या परिसरात शिलाहारांचे शिलालेख सापडले आहेत. त्यांच्या दानाच्या शिळा कोंकणात ठिकठिकाणी उभ्या असत. त्या शिळेच्या माथ्यावर सूर्य व चंद्र कोरलेले असतात. हे दोघे आकाशात आहेत तोवर हे दान चालावे, असा त्याचा अर्थ. मध्ये लेख. खालच्या भागी, हा शब्द मोडील त्यास उद्देशून चित्ररूपाने एक कठोर शाप. त्यातील गाढवामुळे अशा शिळेस लोक 'गद्धेगाळ' म्हणतात. निरक्षर मनुष्यासही कायदा कळावा, अशी ही युक्ती. या शिळांचे मोल आणखी एका कारणासाठी आहे. राजाची भाषा संस्कृत; परंतु शाप प्रजेस समजला पाहिजे, म्हणून तो पुष्कळदा मराठीत. अलिबागजवळच्या आक्षी येथील शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ सालचा शिलाहार लेख हा मराठीतील काळ दिलेला सर्वांत जुना लेख, असे अनेक अभ्यासक मानितात. आपण ज्या भाषेत हा लेख वाचीत आहोत, ती प्रथम दगडावर उमटली त्या दिवसांत या किनाऱ्यावर श्रीस्थानकाच्या राजांचे राज्य होते.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आमचे आजोळ कल्याणच्या पलीकडील एका खेड्यात. तेथील विहिरीपाशी एक लांबट दगड आडवा पडलेला असे. बायका त्यावर धुणे धूत. आम्ही मुले उन्हाळ्याच्या सुटीत त्यावर बसून आंबे खात असू. त्याच्या एका टोकास वाटोळा सूर्य व चंद्राची कोर होती, हे आम्हांस पक्के आठवते, कारण त्या कोरीत पाणी साचे व चिमण्या ते पीत. पुढे पदवीच्या वर्गात असता शिलालेखांवरील एका पुस्तकात तसल्याच दगडाचे चित्र दिसले. सुटी लागताच आम्ही धावत आजोळी गेलो. विहीर बुजविली होती व वरून रस्ता झाला होता. चौकशी करिता एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "भरावात गेला असेल." त्या दगडावर अक्षरे होती की नव्हती, हे आम्हांस आजतागायत आठविता आलेले नाही. त्या रस्त्याच्या मजुरांस आम्ही दोष देत नाही. आम्ही दहा उन्हाळे त्या दगडावर बसलो होतो. एकदा वाकून पाहिले असते, तरी पुरे होते. सूर्य-चंद्र असेपर्यंत चालावे म्हणून दिलेला शब्द आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

शिलाहारांचा शेवट सुमारे १२६५ साली झाला. देवगिरीच्या महादेव यादवाने कोंकणावर स्वारी केली. शेवटचा राजा सोमेश्वर गलबते घेऊन समुद्रात गेला, व तेथेच बुडून मेला. बोरिवलीजवळच्या एक्सर येथे वीरगळ आहेत. त्यांपैकी काहींवर गलबतांची लढाई कोरलेली आहे, व ती याच युद्धाची असावी असे काही अभ्यासकांचे मत आहे. राजा गेला, सिंहासन गेले, राजवाडा तर कोणी पाहिलाच नाही. मग राजधानीचे राहिले काय? प्रजेला रोज लागणारे तलाव राहिले. लोकांनी पुजलेले देऊळ राहिले. माणसांची व मालाची वाट राहिली. आणि दिलेल्या शब्दाचे दगड राहिले, जेवढे आम्ही राहू दिले तेवढे. जे राजाच्या एकट्याचे होते ते गेले. जे सर्वांचे होते ते टिकले. मुलाच्या प्रश्नास आमच्यापाशी याहून चांगले उत्तर नाही.

आता ज्यांस ही वाट चालावयाची असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पावसाळ्यात अंबरनाथच्या पायऱ्या निसरड्या होतात, व महाशिवरात्रीस तेथे एवढी यात्रा भरते की शिल्प पाहण्यास सवड मिळत नाही. सोबत पाणी, वही व पेन्सिल असावी. कोरीव दगडावर खडू, शेंदूर किंवा तेल लावू नये, त्यावर पाय देऊ नये, आणि नावे तर कोरू नयेतच. एखादा कोरीव दगड कोठे बेवारशी पडलेला दिसला, तर तो उचलून आणू नये. त्याचे चित्र काढावे, जागा लिहावी, व शिक्षकांस सांगावे. पालकांस विनंती एवढीच की गावी गेलात म्हणजे घरातील म्हाताऱ्या मंडळींस मुलांच्या देखत विचारा, वेशीवर कोणता दगड होता, तळ्यात काय सापडले होते. ती माणसे आहेत तोवर हे विचारावयाचे.

सहल संपल्यानंतरच्या सोमवारी मधल्या सुटीत तो मागच्या बाकावरील मुलगा आमच्यापाशी आला. वहीच्या पहिल्या पानावरील प्रश्न त्याने खोडला नव्हता. त्याखाली एक चित्र काढले होते. एक उभा दगड, माथ्यावर सूर्य व चंद्र, खालचा भाग मातीत गेलेला. "आमच्या गावच्या मारुतीच्या देवळामागे आहे, सर," तो म्हणाला, "रविवारी मुद्दाम जाऊन पाहिला. मी लहानपणापासून त्यावरच उभा राहून चिंचा पाडत होतो." दगडावर अक्षरे आहेत काय, असे आम्ही विचारले. "माती काढल्याशिवाय कळणार नाही, आणि आपण न विचारता माती काढू नये, म्हणून मी काढली नाही." येत्या शनिवारी गावकऱ्यांस विचारून आम्ही दोघे तेथे जाणार आहोत.